न्यूनतम अधिकार तत्त्व

संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आणि तेथे चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला, हाती असलेले काम पार पाडण्यास जेवढे अधिकार लागतात तेवढेच आणि ते काम चालू असेपर्यंतच द्यावेत, या नियमास न्यूनतम अधिकार तत्त्व असे म्हणतात. बँका, कारखाने, शासकीय कचेऱ्या, रुग्णालये इ. ठिकाणी या तत्त्वाचा संबंध मुख्यतः एका व्यावहारिक प्रश्नाशी येतो. कर्मचाऱ्याला त्याच्या मेजावरील संगणकाचे प्रशासकीय अधिकार द्यावेत की नाहीत, हा तो प्रश्न होय. अमुक आज्ञावली त्या अधिकारांशिवाय चालतच नाही, असे कारण बहुतेक वेळा पुढे केले जाते. ते पूर्णांशाने खरे क्वचितच असते. सर्वसाधारणपणे त्या आज्ञावलीला एखाद्या फाइलीत वा फोल्डरात लिहिण्याची मुभा हवी असते. ती जागा नेमकी कोणती हे शोधण्याचा खटाटोप टाळण्यासाठी सबंध संगणकाची गुरुकिल्ली कर्मचाऱ्याच्या हाती दिली जाते.

प्रशासकीय अधिकाराचे स्वरूप : संगणकाची सर्व साधने परिचालन प्रणालीच्या गाभ्याच्या ताब्यात असतात [⟶ संगणक]. एखाद्या आज्ञावलीला फाइल उघडावयाची असेल, तर तिला गाभ्याकडे तशी मागणी करावी लागते. मागणी करणारी आज्ञावली कोणाच्या नावाने चालली आहे आणि त्या फाइलीच्या अधिकारसूचीत त्या नावास काय परवानगी आहे, हे पडताळून गाभा होकार किंवा नकार देतो. विंडोज प्रणालीत वापरकर्त्याने नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला की, त्याची ओळख, तो ज्या गटांत मोडतो ते गट आणि त्याचे विशेषाधिकार यांची एक नोंद तयार होते. त्यानंतर तो जी आज्ञावली सुरू करील तिला या नोंदीची प्रत मिळते. ही नोंद प्रवेशाच्या वेळी बनत असल्यामुळे एखाद्याचे नाव प्रशासक गटातून काढून टाकले, तरी तो बाहेर पडून पुन्हा प्रवेश करीपर्यंत जुनेच अधिकार चालू राहतात, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. अधिकार माणसाला दिले जातात असे आपण म्हणतो. पण प्रत्यक्षात ते त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला मिळतात. प्रशासकीय अधिकार असलेल्या लेखनिकाने टपालातून आलेली एखादी फाइल उघडली आणि तिच्यात घातक आज्ञावली दडलेली असली, तर तीही त्या क्षणापासून प्रशासक बनते. विषाणुप्रतिबंधक आज्ञावली बंद पाडणे, गाभ्यात नवे भाग घालणे, नोंदी पुसणे, त्याच संगणकावर आधी प्रवेश केलेल्या इतरांची ओळखपत्रे स्मृतीतून उचलणे, या सर्व गोष्टी तिला शक्य होतात. लेखनिक कितीही विश्वासू असला, तरी त्याच्या विश्वासूपणाचा येथे काहीच उपयोग होत नाही.

इतिहास : अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली, तेव्हा एकाच्या चुकीपासून दुसऱ्याचे काम कसे वाचवावे हा प्रश्न प्रथम उभा राहिला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी १९६५ च्या सुमारास हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीत संरक्षणाची एकात एक अशी वलये योजिली होती. हनीवेल कंपनीच्या ६१८० या यंत्रात (१९७३) ती आठ असून प्रत्यक्ष यंत्ररचनेतच बसविलेली होती. या प्रणालीवर काम करणारे जेरोम सॉल्टझर यांनी १९७४ मध्ये न्यूनतम अधिकाराचे तत्त्व स्पष्टपणे मांडले. पुढील वर्षी सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकीय माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात रचनेची आठ तत्त्वे सांगितली, त्यांत याचा समावेश आहे. संरक्षणाची व्यवस्था वापरणाऱ्याला सहज मानवेल अशी असावी, नाही तर तो ती योग्य रीतीने वापरणार नाही, हे तत्त्वही त्याच आठांत आहे. पुढील काळात या दुसऱ्या तत्त्वाचा विसर पडल्यामुळेच पहिल्याची अंमलबजावणी रखडली, असे म्हणावयास हरकत नाही.

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीने अधिकारांची फार सोपी विभागणी केली. शून्य क्रमांकाचा, रूट या नावाचा वापरकर्ता सर्वाधिकारी आणि बाकीचे सामान्य. सामान्य वापरकर्त्याला स्वतःचा परवलीचा शब्द बदलावयाचा असतो. पण सर्वांचे परवलीचे शब्द असलेल्या फाइलीत त्याने लिहिता कामा नये. ही अडचण डेनिस रिची यांनी मार्मिक युक्तीने सोडविली. आज्ञावलीच्या फाइलीवर एक खूण ठेवावयाची. ती असल्यास आज्ञावली चालविणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालते. त्यामुळे वापरकर्त्याला सर्वाधिकार न देता, तेवढ्या एकाच ठराविक कृतीपुरते ते उसने मिळतात. या युक्तीच्या एकस्वासाठी १९७३ मध्ये अर्ज केला गेला व १९७९ मध्ये ते मिळाले. याच धर्तीवर न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत १९८० च्या सुमारास सुडू ही आज्ञावली तयार झाली. कोणत्या व्यक्तीने कोणत्या आज्ञा सर्वाधिकाऱ्याच्या वतीने द्याव्यात याची यादी तीत असते आणि दिलेल्या आज्ञांची नोंद राहते. यादी करताना मात्र सावधगिरी लागते. मजकूर संपादनाची साधी आज्ञावली यादीत घातली, तरी तिच्यातूनच नवी आज्ञा देता येत असल्याने त्या व्यक्तीला सर्वच अधिकार मिळून जातात.

वैयक्तिक संगणकांची वाट वेगळी होती. एक संगणक, एक मालक या कल्पनेवर उभ्या असलेल्या डॉस आणि विंडोज ९५, ९८ या प्रणालींत प्रशासक व सामान्य वापरकर्ता असा भेदच नव्हता. विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीत तो भेद उत्तम प्रकारे केलेला होता. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्यांची सवय पूर्वीचीच राहिली. २००१ मध्ये एनटीवर आधारलेली विंडोज एक्सपी घरोघरी पोहोचली, तेव्हा जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून प्रणाली बसविताना निर्माण होणारी खाती प्रशासकाचीच ठेवली गेली. संरक्षणाची सर्व यंत्रणा हजर, पण तिचे दार सताड उघडे, अशी ही स्थिती सुमारे पाच वर्षे टिकली.

विंडोज व्हिस्टामध्ये (२००७) ती बदलण्याचा प्रयत्न झाला. प्रशासकालाही दैनंदिन कामापुरती अधिकार छाटलेली नोंद देऊन, मोठे अधिकार वापरण्याआधी पडद्यावर त्याची संमती विचारण्यास सुरुवात झाली. सूचना इतक्या वारंवार येत की, वापरणारे त्या न वाचताच होकार देऊ लागले; विंडोज ७ मध्ये (२००९) त्यांची संख्या कमी करावी लागली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्वतःच ही संमती म्हणजे संरक्षणाची पक्की सीमा नव्हे, असे स्पष्ट केले आहे. तिचा खरा परिणाम निराळ्या दिशेने झाला : सूचनांमुळे ग्राहक त्रासल्यावर आज्ञावली विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या रचना सुधाराव्या लागल्या. त्याच सुमारास अमेरिकेच्या संघराज्य शासनाने, आपल्याला विकल्या जाणाऱ्या आज्ञावली सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालतात अशी हमी विक्रेत्यांकडून घ्यावी, असे आपल्या खात्यांना २००७ मध्ये कळविले. मोठ्या खरेदीदाराने घातलेली अशी एक अट अनेक नियमावल्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आज्ञावली अधिकार का मागतात : यात प्रथम बसविणे आणि चालविणे यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. सर्वांना उपयोगी पडेल अशी आज्ञावली संगणकावर बसविताना सामाईक फोल्डरांत लिहावे लागते, क्वचित गाभ्यात ड्रायव्हर घालावा लागतो. त्यासाठी प्रशासकीय अधिकार आवश्यकच असतात. परंतु हे काम एकदाच करावयाचे असते आणि ते प्रशासकाने किंवा मध्यवर्ती वितरणव्यवस्थेने करावे. रोजच्या वापरासाठी तेच अधिकार मागितले जात असतील, तर बहुधा आज्ञावलीच्या रचनेत दोष असतो.

सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे आपली माहिती चुकीच्या जागी ठेवणे. हिशेबाच्या कित्येक जुन्या आज्ञावली आपली खातेवही आज्ञावलीच्याच फोल्डरात ठेवतात किंवा प्रत्येक वापरकर्त्याच्या आवडीनिवडी सबंध संगणकाच्या सामाईक नोंदवहीत लिहितात. दोन्ही ठिकाणी सामान्य वापरकर्त्याला फक्त वाचनाची परवानगी असते. अशा आज्ञावलींसाठी व्हिस्टापासून एक तडजोड करण्यात आली आहे. जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीने तेथे लिहिण्याचा प्रयत्न केला, तर तो मजकूर गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खाजगी जागेत उतरविला जातो. आज्ञावली चालते, पण एकाच संगणकावर आलटून पालटून बसणाऱ्या दोन कारकुनांना आपापली निराळी खातेवही दिसू लागते. पहिल्याने केलेल्या नोंदी दुसऱ्याला सापडत नाहीत आणि मग प्रशासकीय अधिकार दिल्यावर सर्व सुरळीत झाले, असा समज होतो.

दोष शोधण्याची रीत कष्टाची असली, तरी अवघड नाही. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्झवेल यांनी तयार केलेल्या व २००६ पासून उपलब्ध असलेल्या प्रोसेस मॉनिटर या साधनाने आज्ञावलीची प्रत्येक मागणी आणि तिला मिळालेले उत्तर पाहता येते. आज्ञावली एकदा सामान्य वापरकर्त्याच्या व एकदा प्रशासकाच्या नावाने चालवून, पहिल्या वेळी नाकारलेल्या पण दुसऱ्या वेळी मान्य झालेल्या मागण्या तेवढ्या निवडावयाच्या. अशा नकारांपैकी पुष्कळ निरुपद्रवी असतात. नुसती वाचावयाची फाइल वाचन-लेखन अशा दोन्ही अधिकारांनी उघडू पाहणे आणि नकार मिळताच केवळ वाचनावर समाधान मानणे हे अनेक आज्ञावली करतात. खरोखर अडणाऱ्या जागा सर्व मिळून एकदोन निघतात. तेवढ्याच फाइलीवर वा नोंदीवर त्या कामाच्या गटाला लेखनाधिकार दिला की, काम भागते.

येथे एक धोका टाळावा लागतो. आज्ञावलीच्या संपूर्ण फोल्डरावर लेखनाधिकार दिला, तर माहितीबरोबर आज्ञावलीची मूळ फाइलही बदलता येते. तीच फाइल पुढे एखाद्या प्रशासकाने चालविली किंवा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेने उचलली, म्हणजे ती बदलणाऱ्याला मागल्या दाराने प्रशासकीय अधिकार मिळतात. म्हणून शक्य असेल तेथे माहितीचे फोल्डरच दुसरीकडे हलवावे. काही आज्ञावलींना अधिकारांची गरज मुळीच नसते. वापरकर्ता प्रशासक आहे काय, एवढेच त्या सुरुवातीला विचारतात व नसल्यास बंद पडतात. त्यांना परिचालन प्रणालीकडून खोटा होकार देवविण्याचीही सोय आहे आणि ती वापरण्यात गैर काही नाही.

मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांना हा प्रश्न फाँटांच्या रूपाने परिचित आहे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक देवनागरी फाँटाची संकेतरचना निराळी असल्याने, बाहेरून आलेला मजकूर वाचण्यासाठी त्याच विशिष्ट फाँटाची आवश्यकता असे. आणि एनटी कुळातील विंडोजमध्ये फाँट बसविण्यास प्रशासकीय अधिकार लागत. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आल्यावर मजकूर वाचण्यापुरती ही गरज संपली. तथापि जुन्या फाइली व मुद्रणाची कामे यांमुळे ती पुष्कळ काळ भासत राहिली. फक्त स्वतःपुरता फाँट बसविण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीस आली. हे निर्बंध निष्कारण होते असे मात्र नव्हे. फाँट ही निरुपद्रवी वस्तू वाटते. पण २०११ मध्ये उघडकीस आलेल्या डुकू या घातक आज्ञावलीने विंडोजच्या गाभ्यातील फाँट वाचणाऱ्या भागातील दोषाचाच फायदा घेतला होता. प्रिंटरच्या बाबतीत असेच घडले. सामान्य वापरकर्त्याला प्रिंटरचा ड्रायव्हर बसविता यावा म्हणून ठेवलेल्या सवलतीतून मोठा धोका निर्माण झाल्यामुळे ऑगस्ट २०२१ पासून त्यासाठी मुळातच प्रशासकीय अधिकार आवश्यक करण्यात आले.

पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांकडे याहूनही दुर्लक्ष होते. माहितीसंचयाच्या सर्वाधिकारी खात्यानेच आज्ञावली जोडून देणे ही विक्रेत्यांची जुनी खोड आहे; मे २००२ मध्ये पसरलेला स्पायडा हा कृमी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील परवलीचा शब्द कोरा ठेवलेल्या अशा खात्यांतूनच फिरला. हिशेबाच्या आज्ञावलीला तिच्याच कोष्टकांत वाचण्यालिहिण्यापुरते वेगळे खाते पुरते. दोन निरनिराळे अधिकार एकाच आज्ञावलीत एकत्र आल्यास काय होते, याचे अभिजात उदाहरण नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये नमूद केले आहे. टाइमशेअर या कंपनीच्या संगणकावरील एका भाषांतरक आज्ञावलीला आकडेवारी लिहिण्यासाठी प्रणालीच्या फोल्डरात लिहिण्याची मुभा होती. वापरकर्ता आपल्याला हव्या त्या नावाच्या फाइलीत निष्कर्ष मागवू शकत असे. एकाने त्याच फोल्डरातील बिलांच्या फाइलीचे नाव दिले आणि आज्ञावलीने आपल्या मुभेच्या जोरावर बिलांची माहिती पुसून टाकली. आज्ञावलीत किंवा परवानगीत वेगवेगळा दोष नव्हता. कोणाच्या वतीने कोणता अधिकार वापरावयाचा, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता.

२०१७ चा अनुभव : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एम. ई. डॉक या करविषयक हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीबरोबर नॉटपेट्या ही विध्वंसक आज्ञावली पसरली. ती दोन मार्गांनी पुढे सरकत असे. विंडोजमधील ज्या दोषावर मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती निघाली होती, तो पहिला मार्ग होय. दुसरा मार्ग अधिकारांचा होता. एखाद्या संगणकावर प्रशासकीय अधिकार मिळताच ती स्मृतीतील ओळखपत्रे गोळा करी व त्यांच्या साहाय्याने शेजारच्या संगणकांवर रीतसर प्रशासक म्हणूनच प्रवेश करी. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही वाचले नाहीत. एका कार्यालयातील एखाद्या मेजावर व्यवस्थापकाने कधी काळी प्रवेश केला असला, तर तेवढ्यावरून सबंध जाळे हाती येई.

मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीला यात सर्वांत प्रसिद्ध असा फटका बसला. तिच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर होता. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच उद्योगसमूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही विस्कळित झाले. कंपनीच्या जाळ्यातील सर्व वापरकर्त्यांच्या अधिकारांची नोंद ठेवणारे मुख्य संगणक एकमेकांच्या प्रती ठेवीत असल्याने एकदमच नष्ट झाले होते. घानामधील कार्यालयातील असा एक संगणक वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता, तो तेवढा शाबूत राहिला आणि त्यावरून पुनर्रचना करता आली.

प्रशासकांचे अधिकार : कर्मचाऱ्यांचे अधिकार कमी केल्यावर प्रशासकांचा प्रश्न शिल्लक राहतो. एका नमुन्यावरून शेकडो संगणक तयार करताना स्थानिक प्रशासकाचा परवलीचा शब्द सर्वत्र एकच राहत असे. एक संगणक फुटला की, सर्व फुटले. प्रत्येक संगणकाला निराळा आणि ठराविक मुदतीने आपोआप बदलणारा शब्द देण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये उपलब्ध केली. एप्रिल २०२३ पासून ती विंडोजचाच भाग आहे. प्रशासकाने टपाल वाचणे, लेखन इ. कामांसाठी स्वतःचे सामान्य खाते वापरावे आणि जाळ्याचे मुख्य अधिकार असलेल्या खात्याने कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर कधीही प्रवेश करू नये, हे नियम आता सर्वमान्य आहेत. ऑस्ट्रेलियाच्या शासनाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या संरक्षणाच्या आठ मूलभूत उपायांत प्रशासकीय अधिकारांवरील निर्बंध हा एक आहे. मोठ्या संस्थांत अधिकार कायमचे न देता, मागणी नोंदवून काही तासांपुरते देण्याची पद्धतही रूढ होत आहे. लहान कार्यालयात एवढा सरंजाम परवडत नाही. तेथे वेगळे प्रशासकीय खाते, बंद पाकिटात ठेवलेला परवलीचा शब्द आणि वापराची वही एवढ्याने बरेच साधते.

दूर बसून शेकडो संगणकांवर आज्ञावली बसविणारी व्यवस्थापनसाधने ही या व्यवस्थेतील नाजूक जागा होय. त्यांच्यामुळेच कर्मचाऱ्यांना अधिकार देण्याची गरज उरत नाही. पण त्या साधनांत मात्र सर्वांचे अधिकार एकवटतात. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या अशाच साधनातील दोषाचा उपयोग करून खंडणीखोर आज्ञावली पसरविण्यात आली, तेव्हा स्वीडनमधील कूप या साखळीला गल्ले बंद पडल्यामुळे आपली सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली.

मर्यादा : अधिकार कमी असले, तरी वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली त्याच्या आवाक्यात असतातच, त्यामुळे त्या कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीला प्रशासकीय अधिकारांची गरज नसते. तिच्यावर उपाय म्हणजे जाळ्यापासून अलग ठेवलेल्या प्रती. तसेच क्रोमसारख्या आज्ञावली (२००८) सुरुवातीपासून वापरकर्त्याच्या खाजगी जागेत, कोणाचीही परवानगी न घेता बसू लागल्या. चालण्यास योग्य अशा आज्ञावलींची मान्य यादी ठेवणे हा यावरील वेगळा उपाय आहे. एकाच वापरकर्त्याच्या दोन आज्ञावलींना परस्परांपासून वेगळे ठेवण्याची सोय मेजावरील संगणकांत दीर्घकाळ जवळजवळ नव्हती. भ्रमणध्वनींत ती आरंभापासून आली : अँड्रॉइड प्रणालीत (२००८) प्रत्येक आज्ञावली हीच एक स्वतंत्र वापरकर्ता मानली जाते, फोनच्या मालकालाही सर्वाधिकार दिलेले नसतात आणि २०१५ पासून कॅमेरा, ठिकाण, संपर्कसूची इत्यादींची परवानगी वापराच्या वेळी, एकेक करून मागावी लागते.